विशीत सुटलेला व्यायाम, तिशीत चढलेला रक्तदाब

(पुण्यातील एका व्यायाममंडळाच्या वार्षिक समारंभात एका ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'तरुणांचा उच्च रक्तदाब आणि व्यायाम' असा छापला आहे. व्यायाममंडळात येऊन व्यायामाचे महत्त्व सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही मी आलो, कारण आज माझ्यासमोर बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळसे आणखी दहा वर्षांनी या मैदानावर दिसणार नाहीत. हा माझा शाप नव्हे. मंडळाचे जुने हजेरीपट चाळून पाहिले तर विश्वस्तांनाही हेच आढळेल. व्यायाम केव्हा सुटतो आणि तो सुटल्यावर शरीरात काय घडते, हाच माझा आजचा खरा विषय आहे.

रक्तदाब हा आजी-आजोबांचा विकार, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. ती आता सोडून द्यावी लागेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्या औषध घेत होत्या. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात वीस वर्षांवरील लोकांमध्ये हे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती भिन्न आहेत, म्हणून आकडे भिन्न आहेत. त्या वादात मी शिरत नाही. मला चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नमूद केले की उच्च रक्तदाब असलेल्या जगातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते. आणि हे अजाणतेपण तरुणांमध्ये अधिक असते, कारण तरुण माणूस दाब मोजून घेतच नाही.

मोजावा तरी का? काही दुखत नाही, खुपत नाही. डोके दुखले की दाब वाढला असेल असे लोक म्हणतात, पण बहुसंख्य रुग्णांत डोकेही दुखत नाही. माझ्याकडे येणारे तरुण क्वचितच तक्रार घेऊन येतात. कोणाला विम्यासाठी तपासणी करावी लागते, कोणाला परदेशी जाण्यापूर्वी, तर कोणी दात काढायला गेला असता दंतवैद्याने परत पाठवलेला असतो.

दाब म्हणजे काय?

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्त धमन्यांत लोटले जाते आणि धमन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जो दाब शिल्लक राहतो तो खालचा आकडा. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने स्टेथोस्कोपने धमनीचे ध्वनी ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची पद्धत सांगितली. आज पारा मागे पडून विजेरीवरची यंत्रे आली, पण एकक अजूनही पाऱ्याचे मिलिमीटर हेच आहे.

१२० आणि ८० यांच्या आत असलेला दाब हा उत्तम. दवाखान्यात वारंवार मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर तो उच्च रक्तदाब, असे आपल्याकडे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० पर्यंत खाली आणली. रेषा कोठेही ओढली तरी धोका तिच्यापाशी अचानक सुरू होत नाही. दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक विस्तृत अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की चाळीस ते सत्तर या वयात, ११५ च्या पुढे वरचा दाब दर २० मिलिमीटरने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. उलट, वरचा दाब केवळ २ मिलिमीटरने कमी असला तरी पक्षाघाताचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात. हे दोन मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे ते उपयोगी पडतील.

पण चाळिशीतील या धोक्याची पायाभरणी विशीतच होत असते. कोरियातील युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते बावीस. त्यातील ७७ टक्के सैनिकांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या आणि वैद्यकविश्व चकित झाले. धडधाकट दिसणाऱ्या पोरांच्या धमन्यांत ही स्थिती! तिशीत चढलेला दाब साठीपर्यंत तीस वर्षे अहोरात्र काम करतो. त्या काळात हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या झिजतात, मेंदूतील धमन्या कठीण होतात. साठीत दाब चढलेल्या माणसापेक्षा तिशीत चढलेल्या माणसाचे नुकसान अधिक का होते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

सुटण्याची वर्षे

अमेरिकेतील चार शहरांतील १८ ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींची नोंद १९८५-८६ मध्ये करण्यात आली आणि पुढे तीस वर्षे संशोधक त्यांच्या मागावर राहिले. कार्डिया या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. त्यातील व्यायाम आणि रक्तदाब यांविषयीचा एक शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावतो. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, अठरा ते चाळीस या वयात माणसाची शारीरिक हालचाल झपाट्याने घटते आणि त्यामागोमाग उच्च रक्तदाबाचे प्रमाण वाढत जाते. दुसरी गोष्ट मात्रेची. आठवड्याला अडीच तास मध्यम व्यायाम ही किमान अपेक्षा मानली जाते. तरुणपणी याच्या दुप्पट, म्हणजे आठवड्याला पाच तास व्यायाम करणाऱ्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी कमी होता. ज्यांनी ही मात्रा साठीपर्यंत टिकवली त्यांचा लाभ आणखी मोठा होता.

अभ्यास अमेरिकेतला असला तरी त्यातले चित्र आपल्या घरात दिसत नाही काय? नववीपर्यंत पोरगा संध्याकाळी मैदानावर असतो. दहावीचे वर्ष आले की मैदान बंद आणि शिकवणी सुरू. बारावी, प्रवेशपरीक्षा, अभियांत्रिकीची चार वर्षे, मग नोकरी. मुंबईत असेल तर लोकलमध्ये दोन-दोन तास उभे राहणे, पुण्यात असेल तर हिंजवडीच्या रस्त्यावर तितकाच वेळ गाडीत अडकून बसणे. परदेशातील ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे चालणारी रात्रपाळी, त्यात पहाटे तीनला खाल्लेला वडापाव. लग्न होते, मूल होते आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एक दिवस कोणीतरी दंडाला पट्टा बांधते.

मुलींच्या बाबतीत ही गळती आणखी लवकर होते. शाळेत कबड्डी आणि खो-खो गाजवणाऱ्या मुलीला तेरा-चौदाव्या वर्षी 'आता पुरे' असे सांगितले जाते. हे सांगणारे तिचे हितचिंतकच असतात, पण ते तिचे अहित करतात असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे गरोदरपणात दाब वाढला की आई आणि बाळ दोघांचेही प्राण पणाला लागतात. त्या वेळी तेराव्या वर्षी सोडायला लावलेल्या खेळाची आठवण कोणालाही होत नाही.

बसून राहण्याचा परिणाम दाखविणारे पहिले मोठे संशोधनही रंजक आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असे. वेतनमान साधारण सारखे, वस्ती सारखी. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी दाखवून दिले की चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होतो. आपल्या बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्या २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा मुंबईकर हळहळले. मला मात्र प्रथम त्यांच्या वाहकांच्या पायांची आठवण झाली. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले, हेही जाता जाता सांगतो. अर्थात एका माणसाच्या आयुष्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही.

व्यायाम नेमके काय करतो?

व्यायाम करताना दाब वाढतो. धावताना वरचा आकडा १८० च्या पुढे जाऊ शकतो आणि त्यात अनैसर्गिक काही नाही. गंमत पुढे आहे. व्यायाम थांबला की दाब पूर्वीच्या पातळीवर येऊन थांबत नाही, तो तिच्याखाली उतरतो. हा उतार काही तास, क्वचित जवळजवळ एक दिवसभर टिकतो. म्हणूनच रोजच्या व्यायामाला महत्त्व आहे. कालच्या व्यायामाचा प्रभाव ओसरण्यापूर्वी आजचा व्यायाम झाला पाहिजे. रविवारी चार तास घाम गाळून शनिवारपर्यंत स्वस्थ बसणाऱ्याला या दैनंदिन उताराचा लाभ मिळत नाही.

दीर्घकाळात होणारे बदल याहून खोल आहेत. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते. रक्ताचा प्रवाह वेगाने वाहू लागला की त्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू स्रवतो आणि धमनीची भिंत सैलावते. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नियमित व्यायामाने हे अस्तर कार्यक्षम राहते, धमन्या लवचीक राहतात. शरीराला सतत सावध ठेवणारी जी चेतासंस्था तणावात अखंड जागी असते, तिचा जोर कमी होतो आणि विसाव्यातील नाडी मंदावते. इन्सुलिनचे कार्य सुधारते आणि मूत्रपिंडे शरीरातील जादा क्षार अधिक सहजपणे बाहेर टाकतात. वजन उतरले तर त्याचा लाभ वेगळाच. साधारण एक किलो वजन घटले की वरचा दाब एक मिलिमीटरने उतरतो, असा ठोकताळा आहे.

आकड्यांत बोलायचे तर, ज्यांचा दाब वाढलेला आहे अशांमध्ये चालणे-धावणे-पोहणे या प्रकारच्या नियमित व्यायामाने वरचा दाब सरासरी ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो. ज्यांचा दाब मुळात ठीक आहे त्यांच्यातही २ ते ४ मिलिमीटरचा फरक पडतो. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले दोन मिलिमीटर ते हेच. एका सौम्य गोळीइतका हा परिणाम आहे. मात्र गोळीप्रमाणेच हे औषधही थांबवले की काही आठवड्यांत त्याचा परिणाम नाहीसा होतो. महाविद्यालयात मी आंतरविद्यापीठ पातळीवर खेळलो आहे, असे चाळिशीतील गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगतात. धमन्यांना त्या प्रमाणपत्राचा उपयोग नसतो.

सूर्यनमस्कार, चालणे की जिम?

हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर बोलतो.

या मातीला व्यायामाची परंपरा आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले आणि त्यावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने हा व्यायाम परदेशातही नेला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. योगाविषयी नुसते गौरवाने बोलून ते थांबले नाहीत. आसने चालू असताना शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, रक्तदाबमापक लावून मोजले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. मला या परंपरेतील सर्वांत अभिमानास्पद भाग कोणता वाटतो असे विचाराल तर हा, मोजण्याचा.

म्हणून मीही मोजूनच बोलतो. सूर्यनमस्कार संथपणे बारा घातले आणि आटोपले, तर ती उत्तम ताण देणारी क्रिया झाली, पण हृदयाला पुरेसे काम मिळाले असे म्हणता येणार नाही. तेच लयीत, न थांबता वीस-पंचवीस मिनिटे घातले तर तो हृदयाचा खरा व्यायाम होतो. योगासने आणि संथ श्वसन यांनी दाब उतरतो असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण त्यातील पुष्कळ चाचण्या लहान आहेत, म्हणून योगाने रक्तदाब समूळ बरा होतो अशा जाहिराती मी गंभीरपणे घेत नाही. आणि ज्याचा दाब आटोक्यात नाही त्याने शीर्षासन, जोरकस कपालभाती आणि भस्त्रिका यांपासून दूर राहावे.

चालणे सर्वांत सोपे, परंतु ते भरभर हवे. कसोटी साधी आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग कमी आहे, बोलताही येत नसेल तर जास्त आहे. नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटी बरी, विशेषतः नाडी मंद करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी.

अलीकडे एका उपेक्षित प्रकाराकडे लक्ष वेधले गेले आहे. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्नायू आखडून स्थिर राहण्याच्या व्यायामाने वरचा दाब सरासरी ८ मिलिमीटरच्या आसपास उतरलेला दिसला, म्हणजे धावण्या-चालण्याहूनही अधिक. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे दोन मिनिटे राहायचे, मग दोन मिनिटे विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. एकूण वेळ पंधरा मिनिटांचाही नाही. मल्लखांबावर किंवा आखाड्यात ज्यांनी घटका-घटका पवित्रे धरले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र श्वास रोखायचा नाही, ही अट पाळलीच पाहिजे. आणि यामुळे चालणे-धावणे सोडून द्यावे असा अर्थ कोणी काढू नये. दम टिकवणे, साखर आणि वजन आटोक्यात ठेवणे ही कामे भिंतीला टेकून होत नाहीत.

आता जिमविषयी. वजने उचलण्याला माझा विरोध नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विरोध आहे तो छाती फुगवून, श्वास कोंडून, पेलवणार नाही असे वजन ओढण्याला. १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नलिका घालून त्यांचा दाब प्रत्यक्ष मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता! निरोगी धमनी तो क्षणभर सोसते. ज्याला आपला दाब वाढलेला आहे हे ठाऊकच नाही, त्याच्या मेंदूतील एखादी दुबळी धमनी सोसेलच असे नाही. वजन हलके घ्यावे, आवर्तने अधिक करावीत आणि जोर लावताना श्वास सोडावा.

जिमच्या कपाटातील डबे आणि बाटल्यांविषयीही सांगितले पाहिजे. व्यायामापूर्वी घ्यायच्या काही चूर्णांत भरपूर कॅफीन असते आणि ते दाब चढवते. लवकर दंड फुगावेत म्हणून टोचली जाणारी स्टेरॉइड दाब तर वाढवतातच, शिवाय हृदयाच्या स्नायूची हानी करतात. आरशात दिसणारे शरीर आणि दंडाला पट्टा बांधल्यावर दिसणारे शरीर यांत केवढे अंतर असू शकते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

जेथे व्यायाम पुरत नाही

व्यायामाचा पुरस्कार करताना त्याच्या मर्यादा लपवणे मला योग्य वाटत नाही. प्रौढांच्या उच्च रक्तदाबाला बहुधा एकच एक कारण सापडत नाही. परंतु तिशीच्या आतील रुग्णात ते शोधलेच पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार, त्याच्या धमनीचे अरुंद होणे, महाधमनीतील जन्मजात आकुंचन, अधिवृक्क ग्रंथींचा दोष, घोरताना श्वास अडखळणे, अशी कारणे असू शकतात. काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. दाब १७०/१००. तिला कोणीतरी प्राणायाम आणि रोज पाच किलोमीटर चालणे एवढेच सांगितले होते आणि ती ते सहा महिने निष्ठेने करत होती. मी तिच्या डाव्या मनगटाची नाडी पाहू लागलो, तर ती लागेना. उजवी लागत होती. महाधमनी आणि तिच्या शाखांना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा हा विकार आपल्याकडील तरुण स्त्रियांमध्ये आढळतो. तिला योग्य औषधे सुरू झाली आणि आज ती बरी आहे. आणखी दोन वर्षे केवळ चालत राहिली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. म्हणून तरुण रुग्णाचा दाब एकदा तरी दोन्ही हातांवर मोजावा आणि लघवीची व रक्ताची प्राथमिक तपासणी करावी.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल तर आधी औषध, मग व्यायाम. छातीत दुखले, भोवळ आली, धाप असाधारण लागली तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यांकडे जावे. चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. व्यायामाने दाब उतरला तर ती कमी करण्याचा आनंद आम्हा डॉक्टरांनाही होतो. गोळी घेणाऱ्या तरुणीने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. वेदनाशामक गोळ्या, बंद नाक मोकळे करणारी औषधे आणि घशासाठी दीर्घकाळ चघळलेले ज्येष्ठमध यांनीही दाब वाढतो. ज्येष्ठमधाचे नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण ते खरे आहे.

आहाराचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. एवढेच सांगतो की दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे अशी शिफारस असताना भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास खातो. लोणचे, पापड आणि फरसाण ही त्याची आपल्या ताटातील मुख्य दारे. तंबाखूविषयी तर काही सांगायलाच नको.

आठवड्याचे पाच तास

"डॉक्टर, वेळ कोठे आहे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. माझ्याकडे येणारा अठ्ठावीस वर्षांचा एक संगणक अभियंता हेच म्हणाला होता. विम्याच्या तपासणीत त्याचा दाब १५२/९८ निघाला. मी त्याला आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला लावले. घरी सरासरी १४४/९२ भरली, म्हणजे दवाखान्याच्या भीतीने चढलेला दाब नव्हता. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा मानतात. इतर तपासण्या निर्दोष होत्या, म्हणून तीन महिन्यांची मुदत ठरवली.

त्याने केले ते असे. कार्यालयाची बस जेथे येई त्याच्या दोन थांबे पुढे जाऊन तो बस पकडू लागला. जाताना पंधरा मिनिटे, येताना पंधरा मिनिटे भरभर चालणे, आठवड्याचे पाच दिवस. हे झाले अडीच तास. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री जेवणापूर्वी अर्धा तास दंड, बैठका आणि भिंतीची खुर्ची. हा एक तास. उरलेला दीड तास रविवारी सकाळी, कधी सिंहगड तर कधी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांच्या फेऱ्या. झाले पाच तास, आणि कोठेही वर्गणी भरावी लागली नाही. जेवणातील पापड-लोणचे त्याने रविवारपुरते ठेवले. तीन महिन्यांनी त्याचे वजन पाच किलो उतरले होते आणि घरच्या नोंदींची सरासरी १२८/८२ वर आली होती. गोळी लागली नाही. सर्वांच्या बाबतीत असे होईल असे मी म्हणत नाही. कित्येकांना व्यायामासोबत गोळीही लागते आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

त्याच्याकडून मला एक गोष्ट कळली, ती या मंडळाच्या कामाची आहे. पहिले तीन आठवडे तो एकटा चालत होता आणि दोनदा खंड पडला. मग कार्यालयातील दोघे सोबत येऊ लागले आणि खंड पडणे थांबले. तालीम, आखाडा, शाखेचे मैदान, येथे जुन्या पिढीने हेच साधले होते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि न आल्यास "काल का आला नाहीस?" असे विचारणारा कोणीतरी. आज पंचविशीत नोकरीला लागलेल्या मुलाला संध्याकाळी सहाला मैदानावर येणे शक्य नाही, हे मान्य करायला हवे. मग मंडळाने सकाळी साडेपाचची किंवा रात्री नऊची वेळ का ठेवू नये? हजेरीपटावरून ज्यांची नावे गेल्या पाच वर्षांत गळाली, त्यांच्या घरी जाऊन एकदा विचारपूस का करू नये? विश्वस्तांनी माझी ही सूचना आगाऊपणा मानू नये. मुलींसाठी स्वतंत्र आणि सोयीची वेळ ठेवण्याचाही विचार व्हावा.

आता मी थांबतो. मागच्या दालनात मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दोन रक्तदाबमापक यंत्रे ठेवली आहेत. अठरा वर्षांवरील प्रत्येकाने तेथे जावे. ज्यांनी आत्ताच प्रात्यक्षिके केली किंवा चहा घेतला त्यांनी अर्धा तास थांबावे. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. हात टेबलावर हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. ज्यांचे दंड भरदार आहेत, आणि येथे असे अनेक जण दिसतात, त्यांनी मोठा पट्टा मागून घ्यावा, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला दिसतो. दोनदा मोजून दोन्ही आकडे दिनांकासह लिहून घ्या. १४०/९० किंवा अधिक आले तर घाबरू नका, आठवडाभर घरी मोजा आणि ती नोंद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.